कय्यूमचाचाची उलटी थाळी

मूल गावच्या बाजारात "थाळीवाले कय्यूम" म्हटलं की कोणीही राइस मिलच्या रस्त्याकडे बोट दाखवतं. नवख्या माणसाला वाटतं, खानावळ असेल. खानावळ नाही. कडुलिंबाखाली पान्यांची एक पत्र्याची पेटी, दोन जॅक आणि एक मोडकी खुर्ची आहे. त्या खुर्चीवर कय्यूमचाचा चष्मा कपाळावर चढवून बसलेले असतात. हे नाव त्यांना आमच्या घरामुळं पडलं. ते पुसता आलं तर बघावं म्हणून मी हे लिहितेय. अकरा वर्षं उशीर झालाय, ते मला माहीत आहे.

माझे बाबा, हरिदास, एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. वीस वर्षं त्यांनी एकच पांढरी अँबेसेडर चालवली. साहेब बदलत गेले, गाडी आणि बाबा तेच राहिले. सकाळी गाडी पुसायची, साहेबांच्या दारी न्यायची, मागचं दार उघडून धरायचं आणि साहेब बसले की हलक्या हातानं लावायचं. १९९८ च्या मे महिन्यात बाबा रिटायर झाले, आणि पुढच्याच महिन्यात खात्यानं ती गाडी लिलावात काढली. बाबांनी ती घेतली. घरात कोणाला विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि मला चांगलीच शिंगं फुटली होती. म्हटलं, "बाबा, हे काय खटारं आणलं?"

"मायसाठी आणली," बाबा म्हणाले.

माय म्हणजे माझी आजी, केसरबाई. छप्पन सालच्या ऑक्टोबरात ती सोळा वर्षांच्या बाबांना घेऊन पायी चांद्याला गेली होती आणि तिथल्या मैदानावर, पांढरं लुगडं नेसून, तिनं दीक्षा घेतली होती. त्यानंतर दर वर्षी पंधरा ऑक्टोबरला ती चांद्याच्या दीक्षाभूमीवर जायची. आधी पायी, मग बैलबंडीनं, मग एसटीनं. ताप असो की घरी कापणी असो, एकही वर्ष चुकलं नव्हतं. पण सत्त्याण्णव साली तिचं मांडीचं हाड मोडलं. जुळलं, तरी पाय उचलेना. त्या वर्षी दोन अनोळखी माणसांनी तिला काखेत धरून एसटीत चढवलं, आणि उतरवताना तिचं लुगडं पायरीला अडकून टरकन फाटलं. घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "पुढच्या वर्सापासून नाई. लोक मले पोत्यावानी उचलतेत."

आजी एकदा नाही म्हणाली की विषय संपायचा. पण बाबांनी तो संपू दिला नव्हता. ज्या सीटवर वीस वर्षं साहेब बसले, त्या सीटवर आपली माय बसवून चांद्याला न्यायची, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. मी म्हटलं, त्यापेक्षा एक दिवस जीप करा. बाबा म्हणाले, "जीपमंधी बी चढाच लागते. आन हे सीट जीपमंधी नाई."

अडचण एकच होती. गाडी सुरू केली की इंजिनाच्या पुढच्या भागातून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा, आणि पावसाळाभर तो वाढतच गेला. सप्टेंबरअखेर बाबांनी कय्यूमचाचांना बोलावलं.

चाचा आयुष्यभर ट्रकांचे मेकॅनिक. बल्लारपूरच्या लाकूड डेपोत शिकले, कुरखेड्याच्या जंगलातून बांबू आणणाऱ्या ट्रकांखाली त्यांची तरुणपणाची निम्मी वर्षं गेली. त्यांनी एका लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "हरिदासभाऊ, चेन ढिली झाली. समोर दोन चाकं असतेत, एक खाली, एक वर. त्यायले हे चेन एका तालात ठेवते. दात सुटला तं आतमंधी ठोकाठोकी होईन. चांद्याच्या वाटेवर चिचपल्लीच्या जंगलात बसान मंग केसरबाईले घेऊन."

"मंग खोला," बाबा म्हणाले.

"खोलतो. पण खरं सांगू काय, ट्रक म्या डोळे झाकून खोलतो. अँबेसेडरचं तोंड आजवर दोनदाच उघडलं. घरी सूप हाय काय? सूप असन तं खोलतो."

मला वाटलं, चाचांना उन्हाचा त्रास झालाय. पण ही त्यांची रीतच होती. चाचांचं लिहिणंवाचणं सहीपुरतं. जंगलात, भर पावसात इंजिन उघडलं तर कोणता नट कुठला, हे लिहून ठेवायला ना कागद ना अक्षरं. म्हणून ते सुपात धानाचा कोंडा भरायचे. त्यावर बोटानं त्या भागाचा आकार काढायचे आणि काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी कोंड्यात खोचून ठेवायचे. बाकीचे सुटे भागही ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं, जी बाजू समोर होती तीच वर ठेवून मांडायचे. "माह्या डोक्यावर माहाच भरवसा नाई, मास्तरीणबाई," ते मला म्हणाले. "सुपावर हाय."

आजीनं आपलं तांदूळ पाखडायचं चांगलं सूप दिलं. मी जुनं शोधत होते, तर मला म्हणाली, "माह्या कामासाठी जुनं काऊन?"

आठ ऑक्टोबरला गुरुवारी काम सुरू झालं. आमच्या अंगणातच, कारण चाचांच्या कडुलिंबाखाली आधीच एक ट्रक उभा होता. पाणी काढलं, रेडिएटर उतरवला, पंखा आणि पट्टा काढला. पुढच्या पुलीचा मोठा नट काही केल्या सुटेना. चाचांनी पान्यावर हातोडा मारला, बाबांनी मारला, शेवटी दोघं मिळून नटाला शिव्या देऊन चहा प्यायले आणि चहानंतर तो पहिल्याच ठोक्याला सुटला. मग पुढचं लोखंडी झाकण निघालं. आतली चेन इतकी सैल झाली होती की बोटानं उचलली तर वर यायची. सुपात झाकणाचा पेरूसारखा आकार उमटला आणि त्याच्या काठाकाठानं बोल्ट उभे राहिले, काही आखूड, काही लांब. चाचांची बायको सईदाचाची कपडे शिवायची. झाकणाखाली बसवायचं कागदी पॅकिंग तिनं कापलं. झाकण जाड कागदावर ठेवून खडूनं रेघ मारली आणि ब्लाउज बेतावा तसं ते कात्रीनं बेतलं. चाचा म्हणाले, "नागपूरचं पॅकिंग हिच्यासमोर काईच नाई." सईदाचाची म्हणाली, "तिथी गळा गोल असते, म्या चौकोनी केला," आणि हसत हसत घरी गेली.

शनिवारी माझी शाळा सकाळची होती. दुपारी घरी आले तर चाचा जेवायला गेलेले, बाबा नागपूरहून येणाऱ्या चेनचं पार्सल आणायला बसस्टँडवर. आजी अंगणात पाटावर बसली होती. सूप रिकामं, स्वच्छ, भिंतीला टेकवलेलं. कोंडा तिनं उकिरड्यावर टाकून दिला होता. सगळे बोल्ट आणि सुटे भाग घमेल्यात, आणि ती एकेक काढून राखेनं नि काथ्यानं घासत होती.

"ये पोरी, पाणी टाक," ती म्हणाली. "सारे माह्यासाठी राबून राह्यले, आन मी बसून खाऊन राह्यली. लोखंड केवढं काळं झालं बापा."

आता सांगते, मला त्या सुपाची रीत माहीत होती. चाचांनी मलाच समजावून सांगितली होती. पण आजीचा चेहरा इतका खुशीत होता आणि मी वर्गातून नुकती आलेली, डोक्यात दुसरंच काही. मी पाणी ओतलं. इतकंच नाही. त्या सुट्या भागांत बशीएवढी एक पातळ लोखंडी थाळी होती, मधोमध भोक असलेली, किंचित खोलगट. तिच्या एका बाजूला एक काळं वर्तुळ उमटलेलं होतं. आजीनं घासलं, निघेना. मी तिच्या हातातून ती घेतली, वीट कुटून तिची पूड लावली आणि खसखसा घासून ते वर्तुळ काढून टाकलं. थाळी चकाकली. मला माझं कौतुकही वाटलं.

चाचा जेवून आले. पांढऱ्या फडक्यावर उन्हात वाळत घातलेले बोल्ट त्यांनी पाहिले. रिकामं सूप पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण चाचा आजीसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाई, तुमी तं सारे नवे करून टाकले."

"झाले ना चांगले?" आजीनं विचारलं.

"एक नंबर."

मग त्यांनी माझ्याकडून खराट्याच्या काड्या मागितल्या. प्रत्येक भोकात काडी घालून ती जेवढी आत जाईल तेवढीच ते मोडायचे आणि आजीच्या हातात द्यायचे. आजी त्या काडीच्या मापाचा बोल्ट शोधायची. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर आत काहीतरी फुटतं, म्हणून हा सगळा खटाटोप. दोघं संध्याकाळपर्यंत बसले होते. आजीला वाटत होतं, काम असंच असतं. एवढ्या वर्षांत तिला इतकं मन लावून काही करताना मी पाहिलं नव्हतं.

बोल्टांचं जमलं. थाळीला काडी लावून काय कळणार? सोमवारी नवी चेन बसली. दोन चाकांवर एकेक टिपका असतो, ते टिपके समोरासमोर आले, बाबांनी आणि चाचांनी आलटूनपालटून डोळा लावून खात्री केली. मग चाचांनी ती थाळी हातात घेतली. या बाजूनं पाहिली, त्या बाजूनं पाहिली. चष्मा खाली घेऊन पाहिली. शेवटी बसवली. झाकण लागलं, पुली लागली, रेडिएटर चढला.

मंगळवारी, तेरा तारखेला, गाडी सुरू केली. खिळ्यांचा आवाज गेला होता. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू मला अजून दिसतं. ते जेमतेम पाच मिनिटं टिकलं. पुलीच्या मागून तेल ठिबकायला लागलं, आणि बघता बघता त्याची बारीक धार लागली.

चाचांनी गाडी बंद केली, खाली वाकून पाहिलं. "थाळी उलटी बसली," ते म्हणाले. "ते तेल मागं फेकते, पुलीमागच्या सीलपर्यंत येऊ देत नाई. उलटी असन तं समोर आणते."

"उलटी कशी बसन?" बाबांचा आवाज चढला. "तुमी तं सुपात सुलटी ठेवली होती." आणि बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळलं. ते आजीकडे वळले. "माय, कोनं सांगतलं होतं तुले धुवाले?"

आजीनं पाटावरून हात टेकत उठायचा प्रयत्न केला, उठता आलं नाही. "राहू दे हरिदास," ती म्हणाली. "मी नाई येत. माह्याच हातानं झालं. गाडी राहू दे." पुढच्या वर्षी नेऊ, असं तिला त्या क्षणी कोणी सांगितलं असतं तरी ती कधीच गाडीत बसली नसती. हे मला ठाऊक होतं, बाबांनाही ठाऊक होतं.

"बाई, थाळी सुपात नव्हतीच," चाचा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते फडक्यानं हात पुसत होते.

"पहिल्या दिवशीच सांजच्याले म्या ते सुपातून उचलून खिशात टाकली होती, हरवन म्हणून. तुमी कुठून धुसान? खिशातून काढून उलटी बसवली, गलती माही."

बाबा भडकले. सगळं पुन्हा उघडायचं होतं, पॅकिंग फाटणार होतं, मधे एकच दिवस उरला होता. "तीस वर्सं काय केलं तुमी कय्यूमभाई? लहान पोरगं बी असं नाई करत." चाचा मान खाली घालून ऐकत राहिले. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. चाचांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, नुसता हात पुढं केला. "मास्तरीणबाई, तेरा नंबरचा पाना द्या." मी पाना दिला. त्यानंतर मी आठ वर्षं गप्प बसले.

आणि आजी? घासलेल्या तुकड्यांत थाळी कोणती, हे तिला कुठं माहीत होतं? आजीच्या चेहऱ्यावरचं ओझं डोळ्यांदेखत उतरलं. उलट तिनंच बाबांना झापलं. "ओरडू नको त्याले. माणूसच हाय, होते. कय्यूम, पाणी पी बापा आधी."

चौदा तारखेचा अख्खा दिवस ते दोघं राबले. सईदाचाचीनं दुसरं पॅकिंग कापून आणलं. दिवेलागणीला गाडी सुरू झाली. अर्धा तास चालू ठेवली, पुलीखाली कोरडा कागद अंथरला. कागद कोरडाच राहिला.

पंधराला सकाळी बाबा कपाटातला ड्रायव्हरचा पांढरा ड्रेस इस्त्री करून, घालून बाहेर आले. आजी म्हणाली, "हे काऊन घातलं? रिटायर झाला ना तू?"

"आज ड्युटी हाय," बाबा म्हणाले, आणि त्यांनी मागचं दार उघडून धरलं.

आजी सीटवर बसली, वळली, आणि तिनं स्वतःच्या हातानं पाय आत घेतले. कोणी तिला उचललं नाही. बाबांनी दार हलक्या हातानं लावलं. वाटेत बंद पडली तर, म्हणून तिनं चाचांना पुढं बसायला लावलं. चिचपल्लीचं जंगल आम्ही कधी ओलांडलं ते मला कळलंही नाही. मी आजीकडेच बघत होते आणि ती खिडकीतून त्या रस्त्याकडे बघत होती, जिथून ती कधीकाळी पायी गेली होती. दीक्षाभूमीवर गर्दीतल्या एका ओळखीच्या बाईनं विचारलं, "केसरबाई, कशी आली?" आजी म्हणाली, "माह्या गाडीनं."

त्यानंतर ती आणखी सात वेळा त्याच सीटवरून चांद्याला गेली.

उपकार मानायची बाबांची पद्धत म्हणजे गावभर सांगत सुटायचं. कय्यूमभाईनं गाडी कशी उभी केली, हे ते जो भेटेल त्याला सांगायचे. पण सांगताना थाळीही यायचीच, कारण थाळीशिवाय गोष्ट रंगत नव्हती. चहाच्या टपरीवर चाचांचं नाव "थाळीवाले" पडलं. ओळखीचे जीपवाले म्हणायचे, "चाचा, सुलटी बसवाल ना?" दोघातिघांनी तर गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. आणि सगळ्यांत जास्त चिडवायची ती आजीच. दर ऑक्टोबरात गाडीत बसण्याआधी ती विचारायची, "कय्यूम, औंदा थाळी सुलटी हाय ना?" चाचा दोन्ही कान पकडायचे. आजी पोट धरून हसायची. मी दुसरीकडे बघायचे.

२००६ च्या ऑगस्टमध्ये आजी गेली. तिसऱ्या दिवशी चाचा आणि सईदाचाची भेटायला आले. त्यांना फाटकापर्यंत सोडताना मी एकदाचं बोलून टाकलं. "चाचा, थाळी खिशात नव्हती. ती धुवायला होती. त्या वर्तुळावरून तुम्हाला बाजू कळली असती, ते मी घासून काढलं. आजीनं नाही. मी."

चाचा सायकलचं कुलूप काढत होते. "मले मालूम हाय," ते म्हणाले. "बाईच्या हातात तेवढा जोर कुठी होता?"

मला रडू फुटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांनी एकट्या आजीला झाकलं. त्यांनी मलाही झाकलं होतं, आणि मी ते पांघरूण घेऊन खुशाल झोपले होते. चाचा म्हणाले, "बाई त्या दिवशी न बसती तं कधीच न बसती. माह्यं काय गेलं? नावच पडलं ना. नाव तं सगळ्यायलेच पडते."

त्या वर्षी दीक्षेला पन्नास वर्षं होत होती. पंधरा ऑक्टोबरला बाबा आणि मी दोघंच निघालो. मागचं सीट रिकामं. चिचपल्ली जवळ आली तशी मी बाबांना सगळं सांगितलं, राखेपासून विटेच्या पुडीपर्यंत. बाबांनी गाडी कडेला घेतली. मला वाटलं आता मला बोलणार, आणि ते बोलले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "म्या त्याले लहान पोरगं म्हटलं." मग त्यांनी गाडी वळवली आणि उलट मूलकडे घेतली.

कडुलिंबाखाली चाचा खुर्चीवर बसले होते. रमजानचा महिना होता, रोजा होता त्यांचा. आम्हाला परत आलेलं पाहून ते घाबरून उठले. "काय झालं? बंद पडली काय?"

बाबा खाली उतरले. गाडीला वळसा घालून आले आणि त्यांनी मागचं दार उघडलं.

"चला," बाबा म्हणाले. "चांद्याले जाऊ."

"मी समोर बसतो ना, हरिदासभाऊ," चाचा म्हणाले. "तिथी बाई बसे."

बाबा दार धरून तसेच उभे राहिले. रस्त्यावरचे दोघंचौघं थांबून बघायला लागले, टपरीवरचे बघायला लागले. चाचांनी आपले तेलकट हात पाहिले, ते पायजम्याला पुसले आणि शेवटी ते वाकून आत बसले. बाबांनी हलक्या हातानं दार लावलं.